चढत्या पाण्याचा अभ्यासक : डॉ. सुंदरलाल होरा

मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला आणि ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी आले, की आपल्या भागातील पोरे टोपली, जुने धोतर, जे हाती लागेल ते घेऊन पाण्यात उतरतात. त्यांना चढणीचे मासे पकडायचे असतात. एरवी नदीच्या डोहात राहणारा मासा त्या दिवसांत धारेच्या उलट वर चढतो, ओढ्यातून भातखाचरात शिरतो, नुकत्याच बुडालेल्या गवतात अंडी घालतो आणि पाणी ओसरण्यापूर्वी पुन्हा नदी गाठतो. हे दृश्य आपण लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलेले असते, की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. पाणी चढू लागल्याचे माशाला कसे कळते? आणि एखाद्या वर्षी पाणी चढलेच नाही, किंवा चढून अवेळी उतरले, तर त्याच्या पिढीचे काय होते?

असे प्रश्न ज्यांनी शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले, त्यांत डॉ. सुंदरलाल होरा यांचे नाव अग्रभागी आहे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते ‘सातपुडा सिद्धांता’मुळे परिचित असते. परीक्षेपुरते नाव, एक नकाशा आणि चार ओळींची टीप, एवढ्यावर तो परिचय बहुधा संपतो. वस्तुतः या माणसाचे सगळे आयुष्य एका साध्या गोष्टीभोवती फिरले : मासा आणि पाणी यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

होरा यांचा जन्म २२ मे १८९६ रोजी पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. शालेय शिक्षण जालंदरला आणि उच्च शिक्षण लाहोरला झाले. १९१९ साली लाहोरच्या त्यांच्या महाविद्यालयात डॉ. नेल्सन ॲनंडेल आले. भारतीय प्राणिसर्वेक्षण ही संस्था १९१६ साली कलकत्त्यात स्थापन झाली होती आणि ॲनंडेल तिचे पहिले संचालक होते. या तरुणाची हुशारी त्यांच्या नजरेत भरली व त्यांनी त्याला कलकत्त्यास बोलावून घेतले. पंजाबच्या सपाट मैदानात वाढलेला हा मुलगा पुढे डोंगरी ओढ्यांतील माशांचा जाणकार म्हणून जगात ओळखला गेला, त्याची सुरुवात या एका भेटीत आहे.

१९२० साली होरा मणिपूरला गेले. इंफाळच्या खोऱ्यातील लोकताक हे मोठे, उथळ सरोवर पावसाळ्यात दूरवर पसरते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्याच्या पाण्यावर ‘फुमदी’ म्हणून ओळखले जाणारे गवताचे जाड थर तरंगतात. या तरुण संशोधकाने तेथील मासे गोळा केले, त्यांची वर्गवारी केली आणि त्याबरोबरच तेथील लोक मासे कसे धरतात याचीही नोंद घेतली. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मासे आणि मासेमारी या दोन्ही गोष्टी आहेत. स्पिरिटच्या बरणीतील माशाइतकेच जाळे टाकणाऱ्या माणसाकडेही लक्ष देण्याची ही सवय त्यांना शेवटपर्यंत राहिली. या लोकताककडे आपल्याला शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

१९२१ पासून मासे, उभयचर आणि सरपटणारे प्राणी यांचा विभाग त्यांच्याकडे आला. पंजाब विद्यापीठाची आणि पुढे एडिंबरो विद्यापीठाची डी. एस्सी. त्यांनी मिळविली. या काळातील त्यांचा मुख्य विषय म्हणजे खळाळत्या ओढ्यांतील प्राणी. डोंगरउतारावरून धावणाऱ्या पाण्यात मासा वाहून का जात नाही? होरा यांनी दाखवून दिले, की अशा माशांचे पोट चपटे होते, कल्ल्याजवळचे पर आडवे पसरतात, काहींच्या छातीवर खडकाला चिकटून राहण्यासाठी घड्यांची गादी तयार होते. १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा या विषयावरील मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. पाण्याचा वेग हा माशाच्या अंगावर जणू छिन्नीसारखा काम करतो, असे त्यातून दिसते. वेग बदलला की आज ना उद्या मासाही बदलणार किंवा नाहीसा होणार, हे ओघानेच येते.

याच अभ्यासातून त्यांचा प्रसिद्ध सातपुडा सिद्धांत जन्माला आला. पूर्व हिमालयातील आणि मलाया भागातील काही डोंगरी माशांचे जवळचे नातेवाईक मधला हजारो किलोमीटरचा प्रदेश ओलांडून एकदम आपल्या सह्याद्रीत सापडतात. ते येथे कसे आले? एके काळी सातपुडा-विंध्याची रांग सलग आणि अधिक ओली असावी आणि त्या वाटेने ओढ्याओढ्यांतून हे मासे पश्चिम घाटात उतरले असावेत, असे त्यांनी मांडले. पुढच्या भूशास्त्रज्ञांनी आणि अलीकडे आनुवंशिक अभ्यास करणाऱ्यांनी या मांडणीवर बरेच आक्षेप घेतले आहेत आणि ती मूळ स्वरूपात आज सर्वमान्य नाही. तथापि या मांडणीने पुढे कित्येक वर्षे संशोधकांना कामाला लावले, हेच तिचे मोठेपण.

येथपर्यंतचे होरा हे संग्रहालयातील विद्वान होत. पण १९३० नंतर त्यांचे लक्ष मोठ्या नद्यांकडे, बाजारातील माशाकडे आणि पर्यायाने धरणांकडे वळले. निमित्त होते हिलसा. हा मासा समुद्रातून नदीत शिरतो, शेकडो मैल वर चढतो आणि गोड्या पाण्यात अंडी घालतो. बंगाली माणसाच्या ताटात त्याचे स्थान काय आहे हे सांगण्याची गरज नाही. पण तो अंडी नेमकी कोठे घालतो, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते. कलकत्त्याला पाणी पुरविणारी केंद्रे हुगळीच्या काठी पलता येथे होती. नदीचे पाणी तेथे मोठ्या हौदांत घेऊन त्यातील गाळ खाली बसू दिला जाई. या हौदांत होरा यांना हिलसाची पिले मिळाली. नदीतून उपसलेल्या पाण्याबरोबर ती आत आली असणार. १९३८ साली आणि पुन्हा १९४० साली, नायर या सहकाऱ्यासह, त्यांनी यावर लिहिले. जे नदीत शोधून सापडत नव्हते, ते शहराच्या पाण्याच्या हौदात सापडले. शास्त्रज्ञाने कोठे पाहावे याला नियम नसतो, एवढा धडा यातून घेण्यासारखा आहे.

अशा वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत भिंत आली तर? कावेरीवरचे मेट्टूर धरण १९३४ साली पुरे झाले होते आणि ठिकठिकाणी नव्या बंधाऱ्यांचे आराखडे तयार होत होते. धरण आणि स्थलांतर करणारे मासे या प्रश्नाकडे होरा यांनी १९४० साली लक्ष वेधले आणि १९४२ साली हिलसाच्या संदर्भात तो पुन्हा मांडला. युरोप-अमेरिकेत सालमन माशासाठी धरणाला पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवतात. परंतु सालमन उडी मारणारा मासा आहे. हिलसा तसा नाही. परदेशातील पायऱ्या आपल्या नदीवर जशाच्या तशा बसविल्याने काम भागत नाही. आधी आपला मासा ओळखावा लागतो.

१९४२ साली होरा यांच्यावर बंगाल प्रांताच्या मत्स्यविभागाच्या संचालकपदाची जबाबदारी आली. काळ कठीण होता. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले होते आणि शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी बंगालमधील हजारो होड्या ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. होडी गेली म्हणजे कोळ्याचे जगणेच गेले. पाठोपाठ १९४३ चा भीषण दुष्काळ आला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. अशा वेळी मासा हा केवळ अभ्यासाचा विषय राहत नाही. तळी, बांध, भातशेते, नद्यांचे फाटे यांतून माणसाच्या तोंडी चार घास अधिक कसे पडतील, हा प्रश्न होता आणि त्याची एक नाडी माशाच्या प्रजननात होती.

कारण रोहू, कटला आणि मृगल हे आपले मुख्य खाद्यमासे तळ्यातील साठलेल्या पाण्यात वाढतात, पण तेथे अंडी घालत नाहीत. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पावसाळा संपतो आणि ती तशीच जिरून जातात. म्हणून नदीतून मत्स्यबीज पकडून आणावे लागे. त्यात हव्या त्या माशांबरोबर नको ते मासेही येत. मात्र बंगालच्या बांकुरा आणि मिदनापूर भागात एक जुनी युक्ती चालत आलेली होती. उतरत्या माळावर मातीचा बांध घालतात. उन्हाळ्यात तो कोरडा असतो. पावसाचा मोठा लोंढा आला की भोवतालच्या रानातील पाणी वाहत येऊन बांध भरतो, उथळ काठ बुडतात, पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने सांडू लागते. त्या पाण्यात नर-मादी सोडले, की तळ्यात कधी न विणारा तोच मासा काही तासांत अंडी घालतो. मासा तोच असतो. बदललेले असते ते फक्त पाणी.

या कोड्याचा उलगडा करण्यासाठी १९४५ साली कार्प माशांच्या प्रजननाला कारणीभूत होणाऱ्या घटकांवर एक परिसंवाद झाला. तापमान, प्राणवायू, गढूळपणा, प्रवाह, पावसाचा जोर, नव्याने बुडालेली उथळ जमीन, असे एकेक कारण पुढे येत होते. होरा यांनी त्या सर्वांचे विश्लेषण करणारा निबंध लिहिला. पूर आणि त्यामुळे नव्याने पाण्याखाली जाणारी उथळ जागा यांना त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले. आपल्या साध्या भाषेत सांगायचे तर चढणीच्या माशाला जे हवे असते, तेच बांधातल्या रोहूलाही हवे असते : वेळेवर चढलेले पाणी आणि बुडालेले गवत.

धरणाच्या जलाशयाला हे सूत्र लावून पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. जलाशयाची पातळी हा अभियंत्याच्या दृष्टीने मोजपट्टीवरचा आकडा असतो. किती पाणी शेतीला, किती विजेला, किती शहराला, याचा हिशेब त्या आकड्यावर चालतो. मासा तोच आकडा वेगळ्या रीतीने वाचतो. जूनमध्ये नदीचे नवे पाणी आत येऊ लागले की जलाशयातील मासे वरच्या टोकाला, नदीच्या मुखाकडे सरकतात आणि वाहत्या पाण्यात किंवा बुडालेल्या काठावर वितात. रोहू-कटल्याची अंडी पंधरा-वीस तासांतच फुटतात, पण बाहेर आलेल्या जिऱ्याला पुढील काही आठवडे उथळ, शांत, अन्नाने भरलेले पाणी हवे असते. या काळात पातळी हळूहळू चढत राहिली तर नवी जमीन बुडते, तिच्यातील कुजणाऱ्या गवतापासून सूक्ष्मजीव वाढतात आणि पिलांना खाद्य मिळते. याच काळात दरवाजे उघडून पातळी एकदम उतरविली तर काठावरची अंडी व पिले उघडी पडून सुकतात. पाणी सांडव्यावरून जोराने गेले तर त्याबरोबर मासेही जातात. उन्हाळ्यात साठा तळाला गेला की उरलेल्या थोड्या पाण्यात मासे दाटीने राहतात. मग जाळ्यालाही ते सापडतात आणि पाणकावळ्यालाही.

मत्स्यबीज सोडण्याचेही तसेच आहे. भरलेल्या धरणाचा विस्तार पाहून लाखो पिले सोडली आणि मे महिन्यात पाणी त्याच्या लहानशा भागापुरते उरले, तर आधीचा हिशेब पाण्याबरोबरच आटतो. म्हणून किती बीज सोडावे हे ठरविताना भरलेली आणि सर्वांत खालची अशा दोन्ही पातळ्यांचा मेळ घालून सरासरी क्षेत्र धरतात. सांडवा वाहत असताना पिले सोडणे म्हणजे मुठीतले धान्य वाऱ्यावर उधळणे. सांडवा थांबल्यावर आणि तीही बोटभर लांब झालेली, म्हणजे ज्यांना आपण बोटुकली म्हणतो ती, सोडली तर टिकतात. इतक्या साध्या गोष्टी. पण त्यांसाठी मत्स्यविभागाच्या माणसाला आणि पाटबंधाऱ्याच्या माणसाला एका टेबलाशी बसावे लागते, आणि नेमके तेच अवघड असते.

महायुद्धाच्या काळात होरा यांच्या मूळ संस्थेवर वेगळेच संकट आले. बॉम्बच्या भीतीने प्राणिसर्वेक्षणाचे संग्रह १९४२ साली कलकत्त्याहून बनारसला हलविण्यात आले. १९४३ साली तेथे वरुणा नदीला पूर आला आणि संग्रहाची मोठी हानी झाली. ज्या पुराच्या पाण्यात माशांचे वंश चालतात, त्याच पाण्याने माशांचे नमुने नासावेत, हा दैवदुर्विलासच. १९४७ साली होरा संस्थेचे प्रमुख म्हणून परत आले, तेव्हा त्यांच्यापुढे घडी पुन्हा बसविण्याचे काम होते. ते त्यांनी शेवटपर्यंत केले.

उतारवयात त्यांना आणखी एक छंद लागला. प्राचीन भारतीयांना माशांविषयी काय ठाऊक होते, याचा शोध ते घेऊ लागले. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातील काही ठरावीक दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई आहे. त्यांत चातुर्मासाच्या पौर्णिमा येतात. १९५० साली होरा यांनी त्या लेखाकडे मत्स्यसंरक्षणाचा जुना कायदा म्हणून पाहिले. आषाढाची पौर्णिमा नेमकी माशांच्या विणीच्या दिवसांत पडते, ही गोष्ट आपणही ध्यानात घेण्यासारखी आहे. १९५१ साली त्यांनी ‘मानसोल्लास’ या ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा ग्रंथ बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, रचला. ते कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. कन्नड मुलखात संस्कृतात लिहिलेल्या आणि जुन्या मराठी पदांचाही अंश जपणाऱ्या या ग्रंथात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची कला यांचे वर्णन आहे. पंजाबात जन्मलेल्या आणि बंगालात राहिलेल्या एका शास्त्रज्ञाने आपल्या दोन भाषांच्या या सामाईक ठेव्यावरची धूळ झटकली, याचे आपल्याला अगत्य वाटले पाहिजे.

८ डिसेंबर १९५५ रोजी होरा यांचे निधन झाले. वय एकोणसाठ. भाक्रा, हिराकुड, दामोदर खोरे, तुंगभद्रा अशी मोठी धरणे त्या सुमारास उभी राहिली होती किंवा राहत होती. मत्स्यसंवर्धनावरील त्यांचा ग्रंथ अपुरा होता. तो पिल्लै यांनी पुरा केला आणि १९६२ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने प्रसिद्ध केला.

त्यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने, १० जुलै १९५७ रोजी, ओडिशात हिरालाल चौधरी यांना माशाच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशाकडून अंडी घालवून घेण्यात यश आले. आता पुराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. हवे तेव्हा, हवे तेवढे बीज मिळू लागले. आज आपल्या जलाशयांत सोडले जाणारे बीज याच वाटेने येते. ही प्रगती खरीच. पण तिच्यामुळे एक समज पसरला, की बीज सोडले म्हणजे नदीचे देणे फिटले. ते तसे फिटत नाही, याची साक्ष दोन ठिकाणी मिळते.

१९७५ साली गंगेवर फराक्काचा बंधारा सुरू झाला. पूर्वी अलाहाबादपर्यंत चढणारा हिलसा बंधाऱ्याच्या वर जवळजवळ दिसेनासा झाला. होरा यांनी ज्या धोक्याकडे बोट दाखविले होते, तो तेहतीस वर्षांनी गंगेवर खरा झाला. आणि दुसरी साक्ष लोकताकची. १९८३ साली वीजनिर्मितीसाठी इथाई येथे बंधारा झाला आणि सरोवराची पातळी वर्षभर उंच ठेवली जाऊ लागली. पावसाळ्यात पसरणारे आणि उन्हाळ्यात आक्रसणारे ते सरोवर आता आक्रसत नाही. उन्हाळ्यात तळाला टेकून मातीतून पोषण घेणारी फुमदी वर्षभर तरंगत राहते व विरत जाते. चिंदविन नदीच्या बाजूने विणीसाठी वर येणाऱ्या पेंगबा माशाची वाट बंद झाली. मणिपूरचा राज्यमासा असलेला हा पेंगबा आता तेथील मुक्त पाण्यातून नाहीसा झाला आहे; तो उरला आहे तो मत्स्यबीजकेंद्रांत आणि तळ्यांत. तरुण होरांनी पाहिलेले लोकताक आज त्या रूपात नाही. तेथे पाणी कमी झालेले नाही. ते चढायचे आणि उतरायचे थांबले, एवढेच झाले.

आपल्या जिल्ह्यात घटप्रभेवर हिडकल आहे, मलप्रभेवर नविलुतीर्थ आहे. सुटीत आपण तेथे जातो, भिंतीवर उभे राहून दूरवर पसरलेले पाणी पाहतो. पुढच्या वेळी भिंतीकडे पाठ करून जलाशयाच्या वरच्या टोकाकडे, जेथे नदी आत येते तेथे, पाहावे. काठावर किती गवत बुडाले आहे, मागच्या आठवड्याची ओली रेघ किती वर राहिली आहे, तेथे जाळे टाकणारा कोळी काय सांगतो, हे पाहावे आणि विचारावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. होरा यांनी महत्त्वाचा शोध लावला तोही गाळ बसवायच्या हौदाकाठी.

मृगाच्या पावसात पाण्यात उतरणाऱ्या पोरांना चढणीचा मासा ठाऊक असतो. पुढे ती पोरे शिकतात. कोणी अभियंता होतो, कोणी अधिकारी, कोणी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, आणि मग तोच मासा ती विसरतात. डॉ. होरा तो विसरले नाहीत. धरणाच्या दरवाजाच्या चाकावर ज्याचा हात असेल, त्यालाही तो आठवत राहावा.